पाणी तपासण्याआधी विहीर तपासा

सार्वजनिक नळाच्या पाण्यामागे कुणीतरी नोकरीला असतं. क्लोरीन घालणारा, नमुना घेणारा आणि चुकलं तर शिव्या खाणारा. स्वतःच्या विहिरीमागे, बोअरमागे किंवा डोंगरातून पाइपाने आणलेल्या झऱ्यामागे असं कुणी नसतं. ते पद रिकामं आहे आणि ते तुम्हालाच भरायचं आहे. काम फार अवघड नाही, पण लोक ते उलट्या टोकाने सुरू करतात. आधी महागडा फिल्टर घेतात, मग कधीतरी पाणी तपासतात आणि विहिरीकडे मात्र पाहतच नाहीत.

माझी नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. बाटली टेबलावर ठेवून "मॅडम, पाणी चांगलं आहे का?" असं विचारलं, की मी उलट विचारायची, "विहिरीला कठडा आहे का? पोहरा कुठे ठेवता? गोठा कोणत्या अंगाला आहे?" लोकांना वाटायचं, ही उगाच चौकशा करते. पण बाटलीतलं पाणी फक्त त्या दिवसाचं, त्या घटकेचं सांगतं. काल पाऊस नव्हता म्हणून नमुना स्वच्छ आला आणि परवा पावसात उकिरडा विहिरीत उतरला, तर माझ्या अहवालाला काडीची किंमत नाही. उकिरडा कुठे आहे हे मात्र रोजच दिसतं.

"आमच्या चार पिढ्या हेच पाणी प्यायल्या" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे. रोज तेच पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसांना काही जंतूंची सवय होते. आजारी पडतात ते पाहुणे, तान्ही बाळं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं. शिवाय त्या चार पिढ्यांच्या काळात विहिरीशेजारी सेप्टिक टाकी नव्हती आणि शेतात युरियाही नव्हता.

विहिरीला एक चक्कर

कोरड्या दिवशी एकदा आणि धो-धो पाऊस चालू असताना एकदा, असं दोनदा विहिरीभोवती फिरा. पावसातली फेरी जास्त शिकवते. पाणी कुठून वाहत येतं, कुठे साचतं, कठड्याच्या कोणत्या फटीत शिरतं ते डोळ्यांना दिसतं. छत्री घेऊन दहा मिनिटं उभं राहा, अर्धी तपासणी झाली.

उघड्या विहिरीत घाण येते ती बहुतेक वेळा वरून आणि वरच्याच भागातून. जमिनीखालच्या पहिल्या तीन मीटरांपर्यंत बांधकाम घट्ट, बिनफटीचं हवं. तिथे दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरताना दिसलं, तर ते मातीतून गाळून आलेलं नाही, नुसतं शॉर्टकटने आलंय. सांधे सिमेंटने भरून घ्या. वर कठडा हवा. भोवती निदान एक मीटर रुंद सिमेंटचा ओटा हवा आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. ओट्यावर सांडलेलं पाणी चरातून लांब जायला हवं. विहिरीजवळ चिखल आणि त्यात गुरांच्या खुरांचे ठसे दिसले, की मला नमुना न घेताही अहवाल लिहिता आला असता.

मग अंतर. संडासाचा खड्डा, सेप्टिक टाकी, शोषखड्डा आणि गोठ्याचं मूत-पाणी जिरतं ती जागा विहिरीपासून निदान ३० मीटर दूर हवी, तीही उताराच्या खालच्या अंगाला. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर तरी वर हवा. पण हा आकडा पाठ करून निर्धास्त होऊ नका. जाड मातीच्या थरात ३० मीटर पुष्कळ होतात. खडकाला भेगा असतील किंवा चुनखडी असेल, तर घाण मातीतून गाळून न येता भेगेतून धावत येते आणि शंभर मीटरही कमी पडतात.

लंडनमधला १८५४ चा कॉलरा आणि तो पाण्यातून पसरतोय हे ओळखून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावणारे डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढच्या वर्षी तिथली जमीन उकरून पाहिली, तेव्हा शेजारच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून मीटरभरही लांब नव्हता आणि त्याच्या विटा निसटल्या होत्या. त्या घरातल्या आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात जात होतं. आणि हे सगळं चालू असताना पंपाचं पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड म्हणून लोक लांबून येऊन नेत असत.

अलीकडचं उदाहरण कॅनडातल्या वॉकरटनचं. मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर तिथल्या एका उथळ विहिरीत जवळच्या शेतातलं शेणखत झिरपलं. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत शेतकऱ्याचा दोष निघाला नाही, त्याने खत रीतसर वापरलं होतं. विहीरच नको त्या जागी होती, वरचा मातीचा थर पातळ, खाली भेगाळलेला खडक, आणि क्लोरीनवर नीट लक्ष नव्हतं. ती सार्वजनिक विहीर होती. तुमच्या विहिरीवर तर त्या गावाइतकीही देखरेख नाही.

फेरी मारताना तीन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होतं. पहिली, दोर आणि पोहरा. ओट्यावर, चिखलात पडलेला दोर पुन्हा विहिरीत जातो, म्हणजे पायाखालची घाण तुम्ही स्वतःच आत सोडता. एकच पोहरा ठेवा, तो टांगून ठेवा, घरोघरच्या बादल्या आत सोडू देऊ नका. हातपंप किंवा मोटर बसवून विहिरीवर झाकण घातलंत तर हा प्रश्नच मिटतो.

दुसरी गोष्ट फवारणीच्या पिंपाची. मोटरीचा पाइप औषध कालवलेल्या पिंपात बुडवून ठेवतात आणि वीज जाते. पाइपातलं पाणी माघारी फिरतं आणि पिंपातलं कीटकनाशक ओढून थेट विहिरीत नेतं. मोटरीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवाच, पण नुसता त्याच्यावर विसंबू नका. पाइपाचं तोंड पिंपातल्या पाण्याला कधीच टेकू देऊ नका, वर वीतभर अंतर ठेवा. औषध कालवण्याची जागाही विहिरीपासून लांब न्या.

तिसरी गोष्ट, आटलेलं जुनं बोअर. उघडं पडलेलं बोअर म्हणजे घाणीला भूजलापर्यंत थेट नेणारी नळी, आणि लहान मुलांसाठी सापळा. ते नुसता दगड ठेवून झाकू नका, नीट भरून बंद करून घ्या.

बोअरवाल्यांना वाटतं आपलं पाणी खोलवरचं, म्हणून शुद्धच. खोली चांगलीच, पण केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) आणि भोवतालच्या मातीमध्ये फट राहिली असेल तर वरचं पाणी केसिंगच्या कडेने खाली उतरतं. ती फट सिमेंटने बंद केलेली हवी, केसिंग जमिनीच्या वर निदान फूटभर हवं आणि त्यावर घट्ट टोपण हवं. वायर आत जाते ते भोकही बुजवायचं. मुंग्या, पाली, बेडूक तिथूनच आत जातात. पोत्याचा तुकडा बांधलेलं बोअर मी इतक्या ठिकाणी पाहिलंय, की त्याला टोपणाचाच एक प्रकार मानायला हरकत नसावी!

झऱ्याचं पाणी घेणाऱ्यांनी झरा उघडा ठेवू नये. उगमावर बंदिस्त पेटी बांधा, वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर खणा आणि गुरं येणार नाहीत असं कुंपण घाला. पाऊस पडताच झऱ्याचं पाणी गढूळ होत असेल, तर ते खोलवरचं नाही, जवळच कुठेतरी जिरलेलं पावसाचंच पाणी आहे. असं पाणी प्रक्रिया न करता पिऊ नये.

नमुना कसा घ्यावा

प्रयोगशाळेतून मिळालेलीच बाटली वापरा. जंतुतपासणीची बाटली आतून विसळायची नाही. तिच्या तळाशी दिसणारी चिमूटभर पावडर घाण नसते, ती पाण्यातलं क्लोरीन मारण्यासाठी मुद्दाम घातलेली असते. बाटली घासून, धुऊन, उन्हात वाळवून आणणारे लोक मनापासून मदत करायचे, पण तो नमुना मला टाकून द्यावा लागायचा.

नळाला जाळी असेल तर ती काढा. तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका आणि झाकण खाली ठेवू नका. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. कितीही उशीर झाला तरी चोवीस तासांच्या पुढे जाऊ नका. जंतू वाटेत मरतातही आणि वाढतातही.

जंतुतपासणीत मुख्य शब्द ई. कोलाय. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांतला हा जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही असू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. तो सापडला याचा अर्थ विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचतेय. मग त्या विष्ठेबरोबर आज कोणता रोग आला आणि उद्या कोणता येईल, हे नशिबावर सोडायचं नसतं. वर्षातून निदान एकदा तपासा, आणि ती तपासणी पहिल्या जोरदार पावसानंतरच करा. निकाल वाईट आला तरी खरा असावा. मधल्या काळात पाळत ठेवायला हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) ओळखणारी सोपी बाटली मिळते. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेच्या शिरकावाचा संशय. ही पद्धत १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली आणि जगभर गेली. मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असलेल्या पाण्याला मात्र ती उगाच दोषी ठरवू शकते.

रासायनिक तपासणी एकदा सविस्तर करून घ्या, मग काही वर्षांनी पुन्हा. नायट्रेट मात्र दर वर्षी, कारण ते खतातून आणि मैल्यातून येतं आणि वाढत जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की शेतातल्या विहिरींच्या पाण्यात दूध कालवून दिलेली तान्ही बाळं निळी पडत होती ती नायट्रेटमुळे. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर हा आकडा आधी बघा. आणि नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहतं, म्हणजे उलट दाट होतं.

फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. या दोघांना ना रंग, ना वास, ना चव. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून जुलाबांपासून सुटका म्हणून लाखो कूपनलिका खणल्या गेल्या आणि १९९० च्या दशकात त्यातल्या पुष्कळांत आर्सेनिक सापडलं. जंतूंचं पाहिलं होतं, खडकाचं कुणी पाहिलं नव्हतं. नवं बोअर घेतलंत की पहिला ग्लास पिण्याआधी ही दोन नावं तपासणीच्या अर्जावर लिहा. त्याउलट भांड्यांवर बसणारा पांढरा थर जडपणाचा असतो. त्याने साबण जास्त लागतो, हीटर खराब होतो, तब्येतीला तसा धोका नाही. लोक काळजी मात्र नेमकी त्याचीच करतात.

गाळ काढताना

इथे मी सगळ्यात कडक बोलते. विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायू साठलेला असू शकतो. उतरलेला माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, हा समज अपुरा आहे. कार्बन मोनॉक्साइडने कंदील विझत नाही. डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत कधीही उतरवू नका. हे काम सरावलेल्या, वायू मोजण्याचं यंत्र, कमरेला पट्टा आणि वर ओढून घेणारी माणसं असलेल्या लोकांना द्या. तेवढी सोय नसेल तर उतरू नका, गाळ वरूनच जमेल तेवढा काढा.

गाळ निघाला, भिंती घासल्या, फटी बुजवल्या, की मग क्लोरीन. त्याआधी नाही. गढूळ पाण्यात घातलेलं क्लोरीन मातीच खाऊन टाकते.

हिशोब असा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने, मग पाण्याच्या खोलीने. घनमीटर मिळतात आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर होतात. दुरुस्तीनंतर किंवा ई. कोलाय सापडल्यावर करायच्या जोरदार निर्जंतुकीकरणाला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरा. ब्लीचिंग पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन असेल तर १,००० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साडेपाच किलोच्या वर. म्हणूनच आधी उपसा करून पाणी कमी करून घेतलेलं बरं.

प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग थोडी थोडी पावडर, लाकडी काठीने ढवळायचं. हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याकडे पाठ करा, आणि कोणतंही ॲसिड जवळपास नको. पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरची निवळ विहिरीत ओता आणि पोहरा खालीवर करून पाणी ढवळा. निदान बारा तास कुणीही ते पाणी वापरायचं नाही. बोअर असेल तर निवळ आत ओतून घरातला एकेक नळ वास येईपर्यंत सोडा, मग सगळं रात्रभर बंद. त्याआधी घरातला फिल्टर बाजूला काढा. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा करा. ते पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा सेप्टिक टाकीत सोडू नका. मासे मरतात आणि टाकीतले कामाचे जंतूही. आठवड्याभराने, पाण्यात क्लोरीन उरलं नाही याची खात्री करून पुन्हा नमुना द्या.

रोजच्या क्लोरीनला मात्र १,००० लिटरला अडीच ग्रॅम पावडरीपासून सुरुवात करा, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. अर्ध्या तासाने थेंबांच्या किटने मोजा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. कमी आलं तर थोडं वाढवा. पावडर घट्ट डब्यात, अंधारात ठेवा. उघड्या पिशवीतली पावडर महिन्याभरात नावापुरती उरते, आणि दोष क्लोरीनला दिला जातो.

घरात आल्यावर

विहीर नीट आणि टाकी घाण, हे सर्रास दिसतं. टाकीला घट्ट झाकण हवं, ओसंडण्याच्या पाइपाला जाळी हवी, आत वर्षातून एक-दोनदा घासायला हवं. पिण्याच्या भांड्यात हात बुडवून पेला भरायचा नाही.

फिल्टर घ्यायचा तर तपासणीचा अहवाल हातात धरून घ्या. जंतूंवर अतिनील दिवा चांगला, पण पाणी नितळ असेल तरच आणि दिवा साधारण वर्षाने बदलला तरच. दिवा जळताना दिसतो तेव्हाही त्याचा जोर गेलेला असू शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण अतिनील किरणांना आणि उकळण्याला देतो. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिकला आरओ लागतो. कोळशाचा फिल्टर वास आणि रंग घेतो, जंतू मारत नाही. त्यातलं काडतूस, म्हणजे आतला बदलायचा भाग, वेळेवर बदललं नाही तर जंतूंची वस्तीच तिथे होते. आणि काहीच नसेल तर उकळा. बुडबुडे खळखळून वर यायला लागल्यावर एक मिनिट पुरतं, दोन हजार मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं.

विहीर दोन-तीन घरांची असेल तर एक वही ठेवा. गाळ कधी काढला, क्लोरीन किती घातलं, अहवाल काय आला, दुरुस्तीचे पैसे कुणी किती दिले. सामायिक विहिरीत प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं असेल. वहीत तारीख नसली तर ते काम झालेलंच नाही, वादच नको.

पूर आला आणि विहिरीच्या किंवा बोअरच्या तोंडावरून पाणी गेलं, तर ते पाणी दूषितच समजा, दिसायला कसंही असो. वायरमनने पाहिल्याशिवाय मोटरीला हात लावू नका. उपसा, घासणं, जोरदार क्लोरीन हा सगळा क्रम पुन्हा करा, आणि थोड्या दिवसांच्या अंतराने दिलेले दोन नमुने लागोपाठ स्वच्छ येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या. पुराच्या पाण्याबरोबर डिझेल किंवा औषधांचे डबे वाहून आले असतील तर उकळूनही उपयोग नाही. रासायनिक अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.